कोकमाच्या बाटलीवर कोकमाचं चित्र हवंच का? दोन लेबलांची तुलना

कुडाळच्या माझ्या टेबलावर आत्ता आगळाच्या दोन बाटल्या उभ्या आहेत. आतला माल एकच. वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतल्या वहिनींनी मे महिन्यात कोकमं फोडून, मीठ लावून, सुटलेला रस गाळून भरलेला. लेबलं मात्र दोन. लेबलं, आंब्याचे बॉक्स आणि दुकानांचे बोर्ड करून देणं हा माझा धंदा, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आलाय.

पहिलं लेबल वहिनींच्या पसंतीचं. पांढऱ्या कागदावर लाल-हिरवी अक्षरं, पिकलेल्या कोकमांचा फोटो, मागे माड आणि सूर्यास्त, खाली 'कोकणचा अस्सल मेवा'. दुसरं त्यांच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या हट्टापायी केलेलं. गळ्यापासून बुडापर्यंत गडद जांभळं, त्यावर आंबट लागल्यावर गच्च मिटलेला एक डोळा आणि एकच मालवणी शब्द. फळ नाही, माड नाही. खाली तीन ओळी: 'हे सरबत नाही. यात साखर नाही. मीठ आहे.'

वहिनींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "लोकां म्हणतली, हे आगळ विकतत काय भांडाण करतत?"

मुलगा म्हणाला, भांडण तर भांडण, लक्षात तरी राहील. दोघांचंही थोडं-थोडं खरं आहे. तुमच्याही घरी आगळ, आंबापोळी, काजूगर किंवा होमस्टे असेल आणि 'साधं ठेवू की धाडस करू' अशी घालमेल चालू असेल, तर या दोन बाटल्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.

स्टॉलच्या फळीवर

मुंबई-गोवा हायवेवरच्या एका ओळखीच्या स्टॉलवर दोन्ही बाटल्या फळीवर लावल्या आणि मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. पहिली बाटली दिसेनाच. ती मला ठाऊक असलेल्या जागी होती, तरी शोधावी लागली, कारण त्या फळीवर लाल-हिरवी, फळाच्या फोटोची आणखी डझनभर लेबलं होती. त्यातल्या तीनांवर तर कोकमाचा तोच फोटो होता. नेटवर शोधलं की सगळ्यांना तोच आधी सापडतो. जांभळी बाटली पलीकडून दिसत होती. नाव वाचता येत नव्हतं, पण 'ती डोळेवाली' असं बोट दाखवता येत होतं. गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक एवढंच करतं.

यामागचं कारण मानसशास्त्रात जुनं आहे. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन संशोधक बाईंनी १९३३ मध्ये मांडलं, की सारख्या गोष्टींच्या रांगेत जी एक वेगळी असते ती जास्त लक्षात राहते. यातली मेख लोक विसरतात. वेगळेपण आजूबाजूच्या रांगेवर ठरतं. आमच्या फळीवर सगळेच रंगांचा शिमगा करतात, तिथे आणखी भडक रंग ओतून काही मिळत नाही. गप्प बसलेलं गडद लेबल तिथे उठून दिसतं. तेच लेबल पुण्यातल्या काळ्या-सोनेरी पॅकिंगच्या महागड्या दुकानात ठेवलं तर हरवेल, आणि तिथे कदाचित वहिनींचा माड-सूर्यास्तच गंमत म्हणून उचलला जाईल.

एक बारीक तांत्रिक गोष्ट, जी डिझाइनवाले आधी सांगत नाहीत. उन्हात लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी-काळी टिकते. उघड्या स्टॉलवर महिना-दोन महिने राहिलेलं लाल लेबल निळसर, आजारी दिसायला लागतं. पावसाळ्यात साधा कागद फुगतो आणि आगळाचा ओघळ लागला की कडेने सुटतो. तेव्हा दोन्हीपैकी काहीही निवडा, कागदाऐवजी प्लॅस्टिक फिल्मचं लॅमिनेट केलेलं लेबल घ्या. धाडसी लेबल उडालं तर ते साध्या लेबलापेक्षा जास्त केविलवाणं दिसतं.

हातात घेतल्यावर

इथे पहिली बाटली पुढे जाईल असं मला वाटलं होतं. कोकम दिसतंय म्हणजे कोकम आहे, गिऱ्हाइकाला विचार करायला नको. पण वहिनींनीच सांगितलेला किस्सा उलटा निघाला. मुंबईची मंडळी आगळ घेऊन जातात, पाण्यात घालून पितात आणि फोन करतात, 'सरबत खारट लागतंय, खराब झालंय का?' आगळ आणि अमृत कोकम, म्हणजे सरबतासाठीचा साखर घातलेला पाक, यातला फरक आपल्याला आईच्या हातून कळतो. तिसऱ्या पिढीच्या चाकरमान्याला तो कळत नाही, आणि फळाचा फोटो दोन्ही बाटल्यांवर सारखाच असतो. फोन आले की वहिनी दर वेळी सोलकढीची कृती सांगत बसतात.

'हे सरबत नाही' ही ओळ भांडखोर वाटते, पण ती त्या फोनचं उत्तर आहे. या एका ओळीने काही गिऱ्हाइकं जातील, सरबतच हवं असलेली. जाऊ देत. सगळ्यांना धरून ठेवायला निघालेलं लेबल कुणालाच नेमकं काही सांगत नाही. धाडसी ब्रँडिंगचा उपयोग मला इथे दिसतो: कोण आपलं गिऱ्हाईक नाही हे बाटलीवरच सांगून टाकायचं.

अमेरिकेत २०१९ मध्ये 'लिक्विड डेथ' नावाने साधं पाणी विकायला आलं, बिअरसारख्या उंच कॅनमध्ये, वर कवटी. पाण्यात पाणीच असतं, म्हणून सगळं नाटक डब्यावर करावं लागलं. आपल्या आगळात मुळातच तऱ्हेवाईकपणा आहे: खारट, आंबट, रक्तासारखं गडद. आपल्याला कवटी नको, जे आहे ते लाज न बाळगता लिहिलं तरी पुरे.

नावाचा भाग, जिथे मी जास्त वेळ घेणार आहे

वहिनींच्या लेबलावरचं नाव 'कोकण' आणि 'गृहउद्योग' या दोन शब्दांच्या मध्ये देवाचं नाव घालून बनलंय. अशी नावं सुरक्षित वाटतात. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर ती सगळ्यात उघडी असतात. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. मालाचं नुसतं वर्णन करणारे किंवा ठिकाण सांगणारे शब्द त्यात सहजासहजी नोंदवून मिळत नाहीत; वर्षानुवर्षं वापरून ते तुमच्याच नावाशी जोडले गेलेत हे सिद्ध करावं लागतं. 'कोकण', 'अस्सल', 'मेवा' हे शब्द उद्या शेजारच्या स्टॉलवाल्याने वापरले तर तुम्ही त्याला काय सांगणार? याउलट, मालाशी थेट संबंध नसलेला, थोडा वेडा वाटणारा शब्द नोंदवायला सोपा आणि नंतर राखायलाही सोपा.

ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये. सरबतं ३२ व्या वर्गात येतात, मसाले ३० व्या, राहण्या-जेवणाची सोय ४३ व्या. अर्ज सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर ४ महिने कुणालाही हरकत घेता येते, आणि नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. नोंदणी होण्याआधी वर्तुळातला 'आर' छापू नका, तो गुन्हा आहे. अर्जदाराने 'टीएम' लिहिलं तर चालतं. मुलाने सुचवलेला मालवणी शब्द मी इथे लिहीत नाही तो याचसाठी. अजून अर्ज गेलेला नाही.

म्हणजे धाडसी दिसणारं नाव या एका बाबतीत कमी जोखमीचं आहे. वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा गप्प बसल्या.

धाडस कुठे करायचं नाही, तेही सांगतो. चेहऱ्यात करा, वचनात नको. '१००% शुद्ध', 'औषधी', 'पित्तावर रामबाण' ही लिहायला सोपी आणि निस्तरायला अवघड वाक्यं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये जाहिराती आणि दाव्यांसाठी वेगळे नियम आणले, आणि जून २०२४ मध्ये फळांच्या रसाच्या कंपन्यांना '१००% फळांचा रस' हा दावा काढायला लावला. जांभळ्या लेबलावरची 'साखर नाही' ही ओळसुद्धा खरोखर साखर न घातलेल्या आगळावरच चालेल. तोच मजकूर उद्या अमृत कोकमावर गेला तर नोटीस येईल. परवाना क्रमांक, वजन-माप, किंमत, बॅच, तारीख, हिरवा ठिपका हे दोन्ही लेबलांवर सारखंच, वाचता येईल एवढं मोठं. तिथे कल्पकता दाखवू नये.

आंब्याचा बॉक्स वेगळा आहे

याच मुलाच्या मित्राची देवगडला बाग आहे. तो म्हणाला, मलाही असंच जांभळं काहीतरी कर, 'हापूस' शब्दच नको. मी नाही म्हटलं. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेल्या बागायतदाराला ते चिन्ह लावता येतं. बाहेरचा आंबा 'देवगड हापूस' छापलेल्या बॉक्समध्ये भरून खपवला जातो ही आपली जुनी रड आहे, आणि तिला उत्तर आहे ते या नोंदणीच्या चिन्हाचंच. ते पुसून वेगळेपणा करायचा म्हणजे स्वतःच्या सातबाऱ्यावरचं नाव खोडण्यासारखं.

ट्रॉपिकानाने अमेरिकेत हेच केलं. जानेवारी २००९ मध्ये खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून रसाचा पेला आणला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी पडली आणि जुनं खोकं परत आलं. लोक त्या संत्र्यावरून खोकं ओळखत होते. आंब्याच्या बॉक्सवर मी म्हणूनच वरची बाजू जुनीच ठेवतो: गाव, हापूस, मानांकन, डझन. आगाऊपणा आत. झाकण उघडल्यावर काय दिसावं, 'अजून चार दिवस थांबा, दाबून बघू नका' हे कुठल्या भाषेत सांगावं, तिथे हवा तेवढा वात्रटपणा करा. वाशीच्या मार्केटला माल पाठवणाऱ्याला तर तेवढीही गरज नाही. तिथला आडतदार पेटीवरच्या नावावरून बाग ओळखतो.

होमस्टेचं थोडक्यात. तारकर्लीच्या रस्त्याला लागलात की 'घरगुती मालवणी जेवण' आणि 'निसर्गाच्या कुशीत' असे बोर्ड मोजून दमाल. 'रात्री दहानंतर अंगणात आवाज नाही, स्पीकर आणू नये' एवढं मोठ्या अक्षरात लिहिणारा बोर्ड काही बुकिंग घालवेल. पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन येणारं कुटुंब त्याच बोर्डाखाली गाडी थांबवेल.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी एका खानावळीच्या बोर्डावर मी शिमग्याच्या सोंगातला संकासुर काढला होता: काळं तोंड, लाल जीभ आणि हातात सुरमईचं ताट. मला तो भन्नाट वाटत होता, मालकालाही. तीन आठवड्यांत गावातले दोन वयस्कर गृहस्थ आले. आरडाओरडा नाही, काही नाही. चहा घेतला आणि म्हणाले, "आम्ही शिमग्यात त्याला नवस बोलतो रे बाबा." बोर्ड त्याच संध्याकाळी उतरवला, नव्याचा खर्च माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून एक हिशोब ठेवतो: धाडसाची किंमत आपण मोजणार आहोत की दुसऱ्याच्या श्रद्धेतून वसूल करतोय? मिटलेला डोळा कुणाच्या देवाचा नाही, हे मी यावेळी दशावतारात काम करणाऱ्या एका काकांना दाखवून विचारून घेतलं.

आणि एकदा धाडस केलं की वर्षं-दोन वर्षं त्याच चेहऱ्याने राहायचं. अमूलची मुलगी १९६६ पासून होर्डिंगवर आहे. विषय सतत बदलतात, टोमणे बदलतात, ठिपक्यांचा फ्रॉक तोच. दर गणपतीला नवं लेबल करणाऱ्याला मी साधंच लेबल सुचवेन. त्याचा स्वभाव टिकून राहणारा नाही.

वहिनींना मी काय सांगितलं? दारावर येणारी, नावाने ओळखणारी गिऱ्हाइकं आहेत तोवर त्यांच्यासाठी जुनं लेबल चालू ठेवा. ती माणसं वहिनींकडे बघून घेतात, बाटलीकडे नाही. हायवेच्या स्टॉलवर आणि कुरिअरने जाणाऱ्या मालावर जांभळं लावा. डिजिटल छपाईत तीनशे लेबलंही काढून मिळतात, ऑफसेटच्या प्लेटचा खर्च आत्ताच करायला नको. गणपतीला मुंबईकर येतील, तेव्हा कुठली बाटली किती गेली ते वहीत लिहायचं.

त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. जांभळ्या बाटलीवर कुठेतरी एक कोकम हवंच. मी म्हटलं, मग सगळंच बिघडेल. "लहान घाल," त्या म्हणाल्या, "पण घाल. आमी काय ईकतो ता आमकांच दिसाक नको?" मुलगा हसला, मी नाही हसलो. झाकणाच्या वरच्या बाजूला एक काढलंय, नखाएवढं. त्यांना ते अजून थोडं मोठं हवंय.