बर्फाच्या नाळेसाठी साताऱ्यातलं भाड्याचं साहित्य: क्रॅम्पॉन जरूर घ्या, हातमोजे स्वतःचेच

राजवाडा परिसरातल्या एका दुकानात तंबू-स्लीपिंग बॅगांबरोबर हिवाळ्यात हिमालयात जाणाऱ्यांसाठी क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) आणि आइस अ‍ॅक्सही (बर्फात रोवायची कुऱ्हाड) भाड्याने मिळतात. साधारण ४५ अंशांच्या सोप्या नाळांसाठी (डोंगरातल्या बर्फाने भरलेल्या अरुंद घळी) काय घ्यावं, एवढंच इथे.

क्रॅम्पॉन उत्तम. बारा दात्यांचे, पट्ट्यांनी बांधायचे, दात्यांना कानशीने धार लावलेली. तळाला प्लेट आहे, हे फार महत्त्वाचं. दुपारी बर्फ ओला झाला की प्लेट नसलेल्या क्रॅम्पॉनखाली गोळा धरतो, दाते बर्फात शिरतच नाहीत आणि पाय सटकतो. बूट सोबत न्या. दुकानदार मधली पट्टी मापाला लावतात आणि पट्टे न आवळताच बूट उचलून दाखवतात. क्रॅम्पॉन गळून पडला तर माप चुकलं. मऊ तळाच्या ट्रेकिंग बुटांना ते क्रॅम्पॉन देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण तळ वाकला की टाच सुटते. बकलं जाड हातमोजे घालून तिथेच लावून बघा. प्रत्यक्षात ती नाळेच्या तोंडाशी, वारं लागायच्या आधीच लावायची असतात.

अ‍ॅक्स ६० सेंमीची मागा. ७० ची चालायला बरी, पण चढ उभा झाला की हातात अडचण होते. वाऱ्याचा झोत आला की दांडा बर्फात खुपसून खाली बसायचं, तेवढ्याला साधी ‘बी’ (बेसिक, साध्या वापराची) शिक्क्याची पुरते.

हातमोजे आणि गॉगल मात्र घेऊ नका. उणे १० अंशांत ताशी ६० किमी वारं असेल, तर उघड्या कातडीला उणे २३ इतकं झोंबतं. इथले हातमोजे एकेरी आणि मनगटाला दोरी नसलेले. काढला की उडाला. आत पातळ, वर दोरीवाला मिटन (चारही बोटं एकत्र राहणारा हातमोजा) आणि सॅकमध्ये एक जादा जोड हवाच. गॉगल एकेरी काचेचे असल्याने श्वासाने धुरकट होतात. दुहेरी काचेचा विकत घ्या.

विंडचीटरची टोपी हेल्मेटवरून बसते का, हे दुकानातच बघा. शिवण आणि चेन तपासायला चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार जवळच आहे.

वाऱ्याने आडोशाच्या नाळेत साचलेला, पावलाखाली पोकळ वाजणारा बर्फ लागला, तर तो थर सुटून हिमस्खलन होऊ शकतं, तिथे कुठलंही साहित्य कामाचं नाही. तिथून मागे फिरा.

भाडं प्रवासाच्या दिवसांचंही लागतं. क्रॅम्पॉन कोरडे करून परत द्या, गंज दिसला की डिपॉझिट कापतात.