ऑर्ग-मोड: एका फाइलमधला हवा तेवढाच भाग, हव्या त्या सेटिंगने

एकाच टेक्स्ट फाइलमध्ये अहवाल, बैठकीची टिपणं, परिशिष्ट सगळं असतं आणि द्यायचा असतो त्यातला एकच भाग. शीर्षक वेगळं, अनुक्रमणिका नको, फाइलचं नावही वेगळं. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधलं ऑर्ग-मोड हे काम मजकूर दुसरीकडे कॉपी न करता करतं, कारण प्रत्येक भागाची सेटिंग त्याच्या मथळ्याखालीच लिहून ठेवता येते. २०१३ साली आठव्या आवृत्तीत एक्स्पोर्टची, म्हणजे मजकूर पीडीएफसारख्या दुसऱ्या रूपात बाहेर काढण्याची, यंत्रणा नव्याने बांधली गेली. इथे सांगितलेलं सगळं तिच्यावर उभं आहे.

मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी कंट्रोल-ई दाबलं की एक्स्पोर्टचा मेनू उघडतो. त्यात कंट्रोल-एस दाबलं की व्याप्ती पूर्ण फाइलवरून चालू मथळ्यापुरती होते. मग एल आणि पी दाबलं की पीडीएफ, दोनदा एच दाबलं की एचटीएमएल, दोनदा ओ दाबलं की ओडीटी, म्हणजे लिबरऑफिसचा दस्तऐवज. कर्सर उपमथळ्यात राहिला असेल तर तेवढाच तुकडा बाहेर पडतो, म्हणून आधी कर्सर कुठे आहे ते बघून घ्यावं. ज्या भागाची निर्यात होते त्याचा मथळा दस्तऐवजाचं शीर्षक बनतो आणि आतले उपमथळे एकेक पायरी वर सरकतात. मूळ मुभा तीन पातळ्यांची आहे, त्याखालचे मथळे यादी होऊन येतात. त्यामुळे पूर्ण फाइलमध्ये यादी झालेला चौथ्या पातळीचा मथळा, भाग वेगळा काढल्यावर पुन्हा मथळा म्हणून दिसतो. हा दोष नाही.

खरी ताकद गुणधर्मांच्या कप्प्यात, म्हणजे प्रॉपर्टीज ड्रॉवरमध्ये आहे. कंट्रोल-सी कंट्रोल-एक्स पी दाबून गुणधर्माचं नाव आणि किंमत द्यायची. फाइलच्या माथ्यावर चालणारे बहुतेक एक्स्पोर्टचे शब्द इथे ‘एक्स्पोर्ट’ हा उपसर्ग जोडून चालतात: एक्स्पोर्ट_टायटल, एक्स्पोर्ट_ऑथर, एक्स्पोर्ट_डेट, एक्स्पोर्ट_ऑप्शन्स (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत). अपवाद सेटअपफाइलचा (दुसऱ्या फाइलमधल्या सेटिंग आणणारा शब्द), ती माथ्यावरच राहते. एक्स्पोर्ट_ऑप्शन्समध्ये ‘टीओसी:निल नम:निल’ लिहिलं की त्या भागातून अनुक्रमणिका आणि मथळ्यांचे क्रमांक जातात. बाकीचे पर्याय माथ्यावरचेच लागू राहतात, सगळी ओळ पुन्हा लिहावी लागत नाही.

सगळ्यात आधी भरावा तो एक्स्पोर्ट_फाइल_नेम. तो नसेल तर प्रत्येक भाग मूळ फाइलच्याच नावाने निघतो, आणि दुसरा भाग काढताच पहिल्याची पीडीएफ पुसली जाते. नाव एक्स्टेंशनशिवाय द्यावं आणि त्यात फोल्डर असेल तर ते आधीच तयार ठेवावं. वरच्या मथळ्याला दिलेले हे गुणधर्म खालच्यांना आपोआप मिळत नाहीत, म्हणून ज्या मथळ्याची निर्यात करायची त्याच्याच कप्प्यात ते हवेत.

चुका बहुतेक इथेच होतात आणि दुखणं हे की ऑर्ग-मोड तेव्हा गप्प राहतं. गुणधर्माच्या नावात एक अक्षर चुकलं तरी त्रुटी दिसत नाही, फक्त सेटिंग लागू होत नाही. कप्पा मथळ्याच्या लगेच खाली हवा. शेड्यूल्ड किंवा डेडलाइनची, म्हणजे कामाच्या तारखेची, ओळ असेल तर ती आधी, कप्पा तिच्याखाली. मधे साधा मजकूर आला की कप्पा गुणधर्मांचा मानला जात नाही. ऑर्ग-लिंट ही आज्ञा असा जागा चुकलेला कप्पा दाखवते, तेव्हा निर्यातीपूर्वी ती चालवावीच.

दुव्यांच्या बाबतीत मात्र ते गप्प राहत नाही. काढलेल्या भागातला दुवा बाहेरच्या मथळ्याकडे जात असेल तर निर्यात तिथेच थांबते. ‘ब्रोकन-लिंक्स:मार्क’ हा पर्याय दिला की काम पुढे जातं आणि तुटलेला दुवा खुणेसह दिसतो. ‘मार्क’च्या जागी सरळ ‘टी’ लिहिलं तर तो दुवा गुपचूप गळतो, त्यापेक्षा खूण केव्हाही बरी. तळटीपांची काळजी नको: त्यांचा मजकूर भागाबाहेर असला तरी ऑर्ग तो शोधून आणतं.

मथळ्याला लावायच्या नोएक्स्पोर्ट या टॅगचा (‘निर्यात नको’ अशी खूण) एक फारच उपयोगी गुण आहे. परिशिष्टाच्या मथळ्याला तो लावला की पूर्ण फाइलच्या निर्यातीतून परिशिष्ट गळतं, पण त्याच मथळ्यावरून फक्त तेवढा भाग काढला तर मजकूर बाहेर येतो. कारण त्या वेळी मथळा शीर्षक झालेला असतो, टॅगची तपासणी आतल्या उपमथळ्यांवरच होते.

पीडीएफ लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतून बनते, आणि देवनागरी मजकुराला तिचा मूळ कंपायलर पीडीएफलाटेक साथ देत नाही. माथ्यावर लाटेक_कंपायलर म्हणून झीलाटेक किंवा लुआलाटेक लिहावं आणि फॉन्टस्पेक पॅकेज घेऊन देवनागरी फॉन्ट नेमावा. ही ओळ भागागणिक ठेवण्याचं कारण नाही. मार्कडाउन (साध्या खुणांनी लिहिलेला मजकूर) हवं असेल तर ते मूळ मेनूत नसतं, ऑर्ग-एक्स्पोर्ट-बॅकएंड्स या यादीत एमडी जोडावं लागतं.

मजकूर दुरुस्त करून तोच भाग पुन्हा काढायचा असेल तर कंट्रोल-यू आणि मग कंट्रोल-सी कंट्रोल-ई. मागची निवड जशीच्या तशी चालते आणि कर्सर दुसऱ्या मथळ्यावर गेलेला असला तरी निर्यात आधीच्याच भागाची होते.