सेल्फ बदलताय? जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका

सांगायची लाज वाटते, पण सांगतोच. मेहुणा ज्या कामाला "दोन बोल्ट, दोन वायरी, तासाभराचा खेळ" म्हणत होता, त्यासाठी मी १६,५९२ रुपये मोजले. आणि गाडीला बसला तो कुणाच्या तरी गाडीचा काढलेला, वरून रंग मारलेला सेल्फ, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक. चावी फिरवली की नुसतं 'टक्'. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. मेहुणा म्हणाला, बॅटरी ठीक दिसते, आधी टर्मिनल आणि अर्थिंगची वायर घासून घट्ट कर, नाही जमलं तर सेल्फ उतरवू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. अशा वेळी कोण पार्किंगमध्ये गाडीखाली झोपणार? कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे, चार पैसे जास्त जातील पण काम चोख होईल, असा हिशोब केला. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

बिल असं: स्टार्टर असेंब्ली ९,८४०, मजुरी १,६५०, स्कॅनिंग ८५०, बॅटरी टर्मिनल साफसफाई ४५०. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५,०९२. गाडी ओढून न्यायचे १,५०० वेगळे. सेल्फ चालत नाही हे कळायला स्कॅनर कशाला लागतो, ते त्यांनाच ठाऊक.

आता जे आठवलं की अजून डोकं फिरतं ते. गाडी घेताना मी विचारलं होतं, "जुना सेल्फ कुठंय?" सर्व्हिस ॲडव्हायझर हसून म्हणाला, "सर, जुना पार्ट कंपनीला परत जातो." अरे, कंपनीला परत जातो तो वॉरंटीत बदललेला पार्ट! मी रोख पैसे मोजून बदलला, तर जुना माझाच. नव्या पार्टचं खोकंही दिसलं नाही, एमआरपीचं लेबल नाही, काही नाही. विचारल्यावर "कचऱ्यात गेलं असेल". एवढं सगळं समोर घडत होतं. पण एसी, कॉफी, इस्त्रीचा शर्ट आणि 'सर, सर'. हॉस्पिटलमधून बायकोचे फोनवर फोन येत होते. जॉबकार्ड, म्हणजे कामाची नोंद, बंद करायला ओटीपी मागितला, दिला. त्या ओटीपीसोबत 'जुने पार्ट नको' यालाही माझी संमती गेली, हे नंतर कळलं. ओटीपी देण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि प्रत्येक ओळ वाचा, मागे रांग लागली तरी.

तीन महिन्यांत पुन्हा 'टक्'. या वेळी पेठेतले ऑटो इलेक्ट्रिशियन काका घरी आले. सेल्फ उतरवला, काळ्या रंगावर नख ओढलं, तर खाली गंज. स्क्रूची डोकी झिजलेली. उघडला तर कार्बन ब्रश नवे आणि ते ज्यावर घासतात त्या आर्मेचरच्या (आतल्या फिरत्या भागाच्या) तांब्यावर खोल चर पडलेला. म्हातारीला नवी कवळी बसवून लग्नाला उभी केलेली! माझ्या मूळ सेल्फचं काय बिघडलं होतं, असं विचारलं तर काका म्हणाले, "तो असता तर सांगितलं असतं. कार्बन संपले असतील, नाहीतर सॉलनॉइडचे, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळले असतील. हजार-बाराशेचं काम."

सेंटरवर गेलो, तर उत्तर तयार: "बाहेरच्या माणसानं सेल्फ उघडलाय, वॉरंटी बाद." न उघडता आतलं कळणार कसं? (म्हणून तुम्ही मात्र आधी फोटो काढा, लेखी तक्रार द्या, उघडायचं मग.) कंपनीच्या कस्टमर केअरला कळवलं, त्यांनी तक्रार त्याच सेंटरकडे पाठवली. म्हणजे चोरीचा तपास चोराकडे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलं. 'ग्राहकाने काम स्वीकारल्याची नोंद आहे' एवढ्या उत्तरावर तक्रार बंद. मला एक फोन नाही! चौकीत हवालदारांनी बिल उलटंपालटं करून पाहिलं आणि "हा दिवाणी मामला" म्हणून परत दिलं. जुना माल नवा म्हणून विकणं दिवाणी, आणि मी जरा आवाज चढवला तर "शांत राहा, नाहीतर तुमच्यावरच नोंद होईल". आरटीओतल्या खिडकीवर तर मान वर न करता "आमच्याकडे येत नाही". मग येतं कुणाकडे? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. हे मला एकाही खिडकीवर कुणी सांगितलं नाही. विचारलेल्या वकिलानं तर १०,००० मागितले.

शेवटी नाना पेठेतून खोकाबंद नवा सेल्फ ५,४०० रुपयांना आणला आणि मेहुण्यासोबत स्वतः बसवला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, हे विसरू नका. सेल्फवर येणाऱ्या जाड वायरीत चावी बंद असतानाही करंट असतो, पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. ज्यांच्या गाडीत सेल्फ इनटेकखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) दडलेला आहे, त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलवावा, पण समोर उभं राहून काम करून घ्यावं.

रंग मारलेला तो सेल्फ मी जपून ठेवलाय. मी गेलो त्या बायपासवरच्या सेंटरमधून वर्षभरात कुणी सेल्फ बदलला असेल, तर बॉनेट उघडून रंगाखाली खरवडून बघा आणि बिल फाडू नका. दोन वर्षांच्या आत आयोगात जाता येतं, आणि एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रारही करता येते. माझे कागद तयार आहेत.