फिरकीचा तांब्या की छागल?

काशीयात्रेला निघायचं तर सोबत फिरकीचा तांब्या हवाच. पितळेचा, आतून कल्हई केलेला. झाकणाचे आटे घट्ट बसले की गाडी कितीही हादरो, थेंब सांडत नाही. आजीचा तांब्या आजही आमच्याकडे आहे. चिंचेने घासला की सोन्यासारखा उजळतो. पण उन्हात त्यातलं पाणी चहाइतकं तापतं!

छागलीचं, म्हणजे प्रवासात पाणी न्यायच्या पिशवीचं, उलट. संस्कृतात छाग म्हणजे बोकड. मूळची ती चामड्याची, पुढे जाड कॅनव्हासची झाली. कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्यावर त्याची वाफ होते आणि आतलं गार पडतं. म्हणून ती गाडीच्या खिडकीबाहेर टांगत. कोकणच्या दमट हवेत हा गुण निम्म्यावर येतो, विदर्भातल्या वैशाखात मात्र मी डोळे मिटून छागलच घेईन. परतताना गंगा आणायची असेल तर तांब्याच.