40 एमओएचा बेस सात महिने वापरला, आता 30 वर आलो

आठ महिन्यांपूर्वी हौसेने घेतलेला 40 एमओएचा बेस, म्हणजे रायफलवर स्कोप (दुर्बीण) बसवायची पुढे उतरती पट्टी, गेल्या महिन्यात काढून ठेवला. (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग.) पॉइंट टू-टूची (.22 रायफलची) गोळी लांबवर बरीच खाली पडते, आणि बेसच्या कलामुळे टरेटला (स्कोपवरच्या फिरवायच्या खुंटीला) वर चढायला जास्त जागा मिळते. म्हणून 300 मीटर मारायचं तर बेसला जितका कल जास्त तितकं बरं, असं मी धरून चाललो होतो.

निमित्त झालं गोळ्यांचा लॉट बदलल्याचं. 50 मीटरला ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) तीन सेंटिमीटर डावीकडे पडू लागला. टरेटचा पाव एमओएचा एक क्लिक या अंतरावर साडेतीन मिलिमीटर सरकवतो, म्हणजे आठ-नऊ क्लिकांत काम व्हायला हवं. विंडेज (डावी-उजवीकडचा) टरेट फिरवला. क्लिक वाजत होते, बोटाला लागत होते, पण ग्रुप जागचा हलेना.

असं थोडंफार आधीही व्हायचं. तेव्हा मी स्कोपलाच दोष दिला होता. दुकानदार म्हणाला, स्क्रू आवळा. आवळले. मग स्कोप सर्व्हिसला पाठवला. जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्या खिशातून, पाच आठवडे रायफल नुसती पडून, आणि उत्तर आलं, ‘दोष आढळला नाही’. फोनवर मी बराच भांडलो. आज कबूल करतो, त्यांचं बरोबर होतं. पण बेस कितीचा लावलाय, एवढं तरी त्यांनी विचारायला हवं होतं. विकताना दुकानदारानेही.

माझ्या स्कोपला वरपासून खालपर्यंत 60 एमओए आहेत. मी वर-खालचा टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून मोजले, बरोबर 240 क्लिक. म्हणजे मधोमध धरलं तर वर 30, खाली 30. पॉइंट टू-टूच्या साध्या वेगाच्या गोळीला 50 मीटरच्या झिरोसाठीच (नेम आणि गोळी एकाच जागी येण्यासाठीच) सुमारे 10 एमओए वर लागतात. 40 च्या बेसमधून ते 10 वजा करा, उरलेले 30 टरेटने खाली उतरावे लागतात. झिरो मिळाला, पण टरेट पार तळाला टेकून. स्कोपच्या आतली नळी गोल, ती ज्या नळीत हलते तीही गोल. तळाला गेल्यावर डावी-उजवीकडे सरकायला जागाच उरत नाही. सात महिने मी त्या कोपऱ्यात झिरो करत होतो.

मग व्हर्नियरने दोन्ही बेस मोजले. 13 सेंटिमीटर लांबीवर 40 एमओए म्हणजे मागचं टोक पुढच्यापेक्षा जेमतेम दीड मिलिमीटर उंच. 30 च्या बेसला 1.1. दोन्हींत 0.4 मिलिमीटरचाही फरक नाही! तेवढ्यासाठी मी दोनदा पैसे मोजले, याचा राग अजून गेलेला नाही. याच हिशेबाने स्वस्त बेस घेताना जपा: मशिनिंगमध्ये 0.1 मिलिमीटरची चूक झाली तरी अडीच एमओए इकडचे तिकडे होतात.

30 चा बेस लावून महिना झाला. झिरो मध्यापासून 20 खाली आहे आणि विंडेज दोन्हीकडे मोकळा चालतो. ज्यांना 200 मीटरपर्यंतच मारायचंय त्यांना 20 चा पुरतो, तिथे झिरोपासून 25 च्या आसपासच चढवावे लागतात. सपाट बेसवर मात्र झिरोनंतर वर 20 च उरतात, म्हणून 200 सुद्धा हुकतं.

300 ला मी सध्या 48 चढवतो, टरेटवर दोन शिल्लक राहतात. थंडीत गोळीचा वेग उतरला की तेही संपतील, मग वरचा फरक रेटिकलच्या (स्कोपमधल्या नेमरेषांच्या) खुणांवर धरायचा.