५,८२० रुपयांची खोली आणि खिडकीखालची पट्टी : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साधारण अडीच वाजता, आमच्या पश्चिमेकडच्या खोलीत काहीतरी सुटून आपटल्याचा आवाज झाला. दिवा लावून पाहिले तर खिडकीखाली भिंतीला चिकटवलेली शोभेची आठ फुटी पट्टी पलंगामागे आडवी पडली होती. पट्टी मोडलेली नव्हती, तिला साधा चराही गेलेला नव्हता. त्या क्षणापर्यंत स्वतःच्या हाताने रंगवलेल्या या खोलीचे मी सहा घरांत कौतुक केले होते आणि दोन नातेवाइकांना तोच उद्योग करायला प्रवृत्त केले होते, त्यामुळे पट्टीपेक्षा माझी पतच अधिक जोरात आपटली असे म्हणावे लागेल.

खोली डोंबिवलीतल्या १९८७ च्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. दहा बाय बारा, उंची साडेनऊ फूट. २०२४ च्या दिवाळीआधी ती रंगवायची ठरली तेव्हा एका कंत्राटदाराने सतरा हजार रुपये सांगितले. त्यात जुने थर मुळापर्यंत खरवडणे, पुट्टीचे दोन हात, प्रायमर आणि रंगाचे दोन हात असे सगळे होते. खरवडण्याचे कलम मला पैसे वाढवण्याची युक्ती वाटली, कारण भिंत डोळ्यांना चांगली दिसत होती. मी ते कलम वगळले, कंत्राटदारही वगळला आणि दोन शनिवार-रविवार खर्चून सगळे काम स्वतः केले.

हिशेब वहीत आहे, म्हणून तो नेमका देतो. छत आणि भिंतींचा वरचा भाग यांसाठी साध्या इमल्शनची चार लिटरची बादली १,१८० रुपयांना मिळाली. खालच्या गडद हिरव्या भागासाठी धुता येणारे, वरच्या दर्जाचे इमल्शन एक लिटर पुरेल असा अंदाज होता. पण गडद रंगाला तिसरा हात लागला आणि आणखी एक लिटर आणावे लागले, म्हणजे दोन लिटरचे १,०४० रुपये झाले. प्रायमर ६४०, पुट्टी पाच किलो २४०, पॉलिस्टायरीनच्या आठ फुटी सहा पट्ट्या प्रत्येकी २१० प्रमाणे १,२६०, चिकटवण्याच्या पेस्टच्या दोन नळ्या ३८०, फटी बुजवण्याच्या सीलंटची एक नळी १६०, रोलर, ब्रश, पॉलिश पेपर आणि चिकटपट्टी मिळून ५९०, दाराच्या चौकटीसाठी ऑईल पेंट आणि टर्पेंटाईन ३३०. एकूण ५,८२०. बादलीत रंगाऱ्यासाठी ठेवलेले टोकन असते. ते या वेळी मलाच मिळाले आणि त्याचा आनंद त्याच्या किमतीपेक्षा बराच मोठा होता.

कल्पना सोपी होती. जमिनीपासून चौतीस इंचांवर खोलीभर एक आडवी पट्टी, तिच्याखाली गडद हिरवा आणि वर फिकट पिवळसर पांढरा. काम पूर्ण झाल्यावर आईने दारात उभी राहून पाहिले आणि म्हणाली, "छान झालंय रे, अगदी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेसारखं." हे खरेच होते; शाळा, एस.टी. स्थानके आणि सरकारी दवाखाने यांच्या भिंती कमरेपर्यंत ऑईल पेंटने याच हेतूने रंगवत असत, कारण पाठी, हात आणि बाकडी घासतात ती तेवढ्याच उंचीपर्यंत. फरक एवढाच की आमच्याकडे सीमेवर पट्टी होती, आणि त्या पट्टीमुळेच ती शाळा वाटता वाटता राहिली. म्हणूनच तिच्या पडण्याचे मला एवढे लागले.

सकाळी मी पट्टी तशीच उचलून कपाटावर ठेवली आणि पेस्ट विकणाऱ्या दुकानात गेलो. माझे म्हणणे स्पष्ट होते : नळीवर "मजबूत पकड" असे छापलेले आहे, आठ फुटी पट्टी अर्धा किलोसुद्धा भरत नाही, आणि तेवढे वजन जी पेस्ट नऊ महिने धरू शकत नाही तिचे पैसे परत मिळाले पाहिजेत. वाद अर्धा तास चालला. नळी उघडून वापरलेली आहे, बिल आहे पण मुदत संपली आहे, कंपनीला ईमेल करा, असे सगळे टप्पे पार पडले. शेवटी गल्ल्यावरच्या तरुणाने शांतपणे विचारले, "काका, पट्टी उलटी करून बघितली का?"

ती मी पाहिली नव्हती. घरी येऊन पट्टी उलटी केली आणि दुकानात केलेल्या भांडणाची लाज वाटली. पेस्टचे नागमोडी ओघळ जसेच्या तसे पट्टीला चिकटलेले होते आणि प्रत्येक ओघळावर भिंतीचा पापुद्रा होता. सर्वांत आधी माझा हिरवा, मग प्रायमरचा पांढरा, त्याखाली २००९ चा आकाशी डिस्टेंपर, त्याखाली थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वेळचा, म्हणजे १९९६ चा गुलाबी, आणि सर्वांत शेवटी नीळ घातलेल्या चुन्याची भुकटी, जी बोट लावताच बोटाला आली. पेस्टने काहीही सोडलेले नव्हते. सोडले होते ते चुन्याने. सदतीस वर्षांपूर्वीचा हात गिलाव्यापासून अलगद सुटला आणि वरचे चार थर सोबत घेऊन खाली आला. म्हणून या अनुभवातला पहिला निर्णय मी इथेच बदलतो : पेस्टला मी जुलैमध्ये पाचपैकी एक गुण दिला होता, आता साडेचार देतो. अर्धा गुण कापतो तो नळीच्या टोपणासाठी, कारण ते एकदा उघडल्यावर पुन्हा नीट बसत नाही आणि उरलेला माल महिन्याभरात दगड होतो.

हे मला आधीच कळायला हवे होते, कारण भिंतीने ते सांगितले होते. रंगवताना दोन रंगांची सीमा सरळ यावी म्हणून मी कागदी चिकटपट्टी लावली होती. बाकी तीन भिंतींवरून ती स्वच्छ निघाली. पश्चिमेच्या भिंतीवरून निघताना तिच्याबरोबर पोपडे आले. मी त्याचा दोष चिकटपट्टीला दिला, कारण ती रात्रभर तशीच राहिली होती, आणि ती रंग ओला असतानाच ओढून काढायची असते हे खरेही आहे. पण एकच चिकटपट्टी तीन भिंतींशी एक आणि चौथीशी वेगळे वागत असेल, तर दोष चौथीत शोधायला हवा होता. तो न शोधता मी पोपड्यांवर पुट्टी भरली, १८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला आणि नऊ महिने निश्चिंत राहिलो.

परीक्षा सोपी आहे आणि तिला खर्च शून्य. जुन्या भिंतीवर कोरडा तळवा जोरात घासावा. हाताला पीठ आले तर वरचा थर सुटा आहे. मग सुरीने एक इंचाच्या चौकोनात चार-पाच उभ्या-आडव्या रेघा गिलाव्यापर्यंत ओढाव्यात, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्याने ओढावी. चौकोन भिंतीवर राहिला तर रंगवायला हरकत नाही. चिकटपट्टीवर आला तर खरवडणे टळत नाही. प्रायमर वरच्या पिठाला बांधतो, पण जुन्या थरांखालच्या चुन्यापर्यंत तो पोहोचत नाही. शिवाय इमल्शन वाळताना किंचित आकसते आणि खालच्या अशक्त थराला ओढत राहते, त्यामुळे नवा रंग जितका चांगला तितका जुन्या चुन्यावर ताण अधिक.

तरीही एक प्रश्न उरत होता. चुना चारही भिंतींवर आहे, मग पडली ती पश्चिमेचीच पट्टी का? २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच मुंबईत दाखल झाला, आणि आमच्याकडे वाऱ्याचा पाऊस थेट पश्चिमेच्या भिंतीवर झोडपतो. सप्टेंबरमध्ये मी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनिअमच्या फॉइलचा हातभर तुकडा त्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला. पाण्याचे थेंब खोलीच्या बाजूला आले असते तर ती हवेतली दमट वाफ ठरली असती. ते भिंतीच्या बाजूला आले, म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती. खिडकीच्या छज्जाखाली बाहेरच्या गिलाव्याला पडलेली भेग मग दुर्बिणीशिवायही दिसली. पूर्वी भिंतीत शिरलेले पाणी चुना आणि डिस्टेंपर यांमधून हळूहळू खोलीत उडून जात असावे. मी त्यावर इमल्शनचे दोन-तीन हात चढवून ती वाट अरुंद केली. म्हणजे खोली सुंदर करताना मी तिची खोड उघडी पाडली. भेग सोसायटीच्या अखत्यारीत येते, आणि सोसायटीच्या सभेत तिचा क्रमांक गच्ची, पाण्याची टाकी आणि गेटचा रंग यांच्या नंतर लागला आहे.

पट्टीखेरीज इतर गोष्टींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांनी मला फारसा त्रास दिला नाही. साध्या इमल्शनचा वरचा भाग आजही नव्यासारखा आहे. तिथे हात लागतच नाही, त्यामुळे तिथे महाग रंग घेणे व्यर्थ ठरले असते. खालचा हिरवा ओल्या फडक्याने खरोखर पुसला जातो, मात्र जोर लावून घासले की त्या जागी चकाकी येते आणि ती तिरप्या उजेडात दिसत राहते. हिरव्या रंगाची छटा दुकानात पांढऱ्या उजेडात निवडली होती. घरी पिवळसर दिवा लावताच ती शेवाळासारखी दिसू लागली, म्हणून दिवा बदलून पुन्हा पांढरा लावला. रंगाचा नमुना ज्या उजेडात राहायचे आहे त्याच उजेडात पाहावा.

दाराच्या चौकटीबाबत मात्र थांबून सांगावेसे वाटते. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या ऑईल पेंटमध्ये शिसे भरपूर असण्याची शक्यता असते. त्यामुळे जुनी चौकट कोरडी घासून घरभर धूळ उडवू नये, आणि घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. मी पाणी लावून, ओल्या पॉलिश पेपरने, केवळ पकड येईल एवढेच घासले, नंतर फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसली आणि ते फडके फेकून दिले.

पट्ट्या विकत घेणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. पॉलिस्टायरीन म्हणजे थर्माकोलचाच घट्ट भाऊबंद; चपला चिकटवण्याचे पिवळे सोल्यूशन त्याला लावले तर ते पट्टीला चिकटत नाही, तिला खाते. हे मी उरलेल्या तुकड्यावर करून पाहिले आणि पाच मिनिटांत त्याचा चिकट गोळा झाला. दुसरे म्हणजे कोपरे. पंचेचाळीस अंशांचे दोन काप जोडले की काटकोन होतो हे शाळेत ठीक आहे, परंतु आमच्या भिंतींना गुण्या लावला तेव्हा चारपैकी एकच कोपरा काटकोनात निघाला. मी कागदावर प्रत्येक कोपऱ्याचा कोन उतरवून, घडी घालून त्याचा निम्मा केला आणि त्यावरून काप घेतले. तरी एका कोपऱ्यात तांदळाएवढी फट राहिली, ती सीलंटने बुजली. चौदा महिन्यांत ती उघडलेली नाही. पाण्याच्या नळीने पातळी मिळवून चारही भिंतींवर आधी रेघ मारली होती, तो वेळ मात्र पूर्ण वसूल झाला, कारण फरशीपासून मोजले असते तर फरशीचा उतारही पट्टीत उतरला असता.

ऑक्टोबरच्या उन्हात भिंत तीन आठवडे वाळू दिल्यावर मी पडलेल्या पट्टीची जागा दुरुस्त केली. रेघेच्या वर-खाली सुरीने गिलाव्यापर्यंत दोन समांतर चिरा घेतल्या, मधला दोन इंचांचा पट्टा पत्र्याने पूर्ण खरवडला, धूळ ओल्या स्पंजने काढली, प्रायमर लावून दोन दिवस थांबलो आणि तीच पट्टी, मागचे चारही थर घासून काढून, त्या उघड्या गिलाव्यावर नव्या पेस्टने बसवली. पहिल्या वेळी मी आधी रंग देऊन मग त्या रंगावर पट्टी चिकटवली होती. ही चूक आहे, पट्टी आधी आणि रंग नंतर असाच क्रम हवा. दुरुस्तीला पेस्टच्या नव्या नळीचे १९० रुपये आणि एक रविवार लागला. बादलीत उरलेला जवळपास लिटरभर रंग इथे कामाला आला.

दुरुस्त केलेली पट्टी सध्या भिंतीचाच भाग असल्यासारखी घट्ट आहे. तिच्या उजवीकडची मात्र मी खरवडलेली नाही, कारण ती पडलेली नव्हती. रोज रात्री दिवा घालवण्यापूर्वी मी तिच्यावर बोटाच्या पेराने ठोकत जातो. एका ठिकाणी आवाज पोकळ येतो. तिथे मी नोव्हेंबरमध्ये पेन्सिलीने बारीक खूण केली होती. काल आवाज त्या खुणेच्या डावीकडे दोन बोटांवरही तसाच आला, आणि पावसाला अजून साडेपाच महिने आहेत. सुरी, पत्रा आणि प्रायमरचा उरलेला डबा मी कपाटावरून खाली काढून ठेवला आहे.