आठ महिने एकच सूत्र वापरून: क्लोरीन चॅनलमध्ये नेमकं कुठे मिसळतं?

आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात गाळलेलं पाणी काँक्रीटच्या चॅनलमधून साठवण टाकीत जातं. रुंदी १.२ मीटर, पाणी साधारण ०.६ मीटर खोल. क्लोरीनचं द्रावण एका काठावरून सोडायचो. चाळीस मीटर पुढे ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिन टाकून क्लोरीन तपासणं; क्लोरीन जितकं जास्त तितका पिवळा रंग गडद) केली की त्या काठाला गडद पिवळा रंग, समोरच्या काठाला जेमतेम छटा. सगळ्यांचं मत एकच: प्रवाह जोरात सोडा, आपोआप मिसळेल. मलाही तसंच वाटायचं.

मग एक्सेलमध्ये फिशरचं सूत्र मांडलं, प्रवाहात सोडलेलं द्रव्य किती अंतरात मिसळतं ते सांगणारं. प्रवाहातले भोवरे पाणी आडवं ढवळतात, त्याचा गुणांक ०.१५ × खोली × घर्षणवेग (तळ आणि भिंतींच्या घर्षणाचा जोर वेगाच्या रूपात). मधोमध सोडलेलं द्रव्य सगळीकडे सरासरीच्या पाच टक्क्यांच्या आत यायला लागणारं अंतर ०.१ × वेग × रुंदीचा वर्ग ÷ गुणांक. काँक्रीटमध्ये घर्षणवेग प्रवाहाच्या वेगाचा साधारण विसावा भाग धरला, आणि वेग वर-खाली कटून गेला! उरली फक्त रुंदी आणि खोली. पाणी जोरात गेलं तर भोवरेही तेवढेच जोरदार होतात, पण पाणी पुढेही तितक्याच लवकर निघून जातं. हे कागदावर दिसलं तेव्हा मी दोनदा तपासलं.

आमच्या मापांना उत्तर आलं मधोमध ३२ मीटर, काठावरून त्याच्या चौपट, १२८. चॅनल होतं चाळीस मीटर.

नळी मध्यभागी घेतली, पण फरक मनासारखा पडेना. शेवटी दोन नळ्या, रुंदीच्या एक चतुर्थांश आणि तीन चतुर्थांशावर. अंतर ८ मीटरवर आलं. आता अडचण उभ्या, म्हणजे वरून तळापर्यंतच्या मिसळण्याची होती, तिच्या गुणांकात ०.१५ च्या जागी ०.०६७. म्हणून नळ्यांची तोंडं पृष्ठभागावर न ठेवता मध्य खोलीवर बुडवली, तिथून हिशेब सुमारे १८ मीटर. आता दोन्ही काठांचा ओटीचा रंग सारखा येतो.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. खात्री करायला मिठाचं पाणी सोडून विद्युतवाहकता मोजली, पण पहिल्यांदा द्रावण इतकं घट्ट केलं की ते तळालाच बसलं. सूत्र समान घनतेचं द्रव्य गृहीत धरतं, हे लक्षात ठेवा. वळणांवर प्रत्यक्षात मिसळणं लवकर होतं, सरळ चॅनलचा ०.१५ तिथे फार कमी पडतो. आणि रात्री पाणी ०.३ मीटरवर उतरलं की आडवं अंतर दुप्पट होतं. तरी ते १६ मीटरच, चॅनलच्या आत.